पूजेतली हत्यारं

२४ ऑगस्ट

“काका, यांच्यावर पाणी कोणी मारलं?”

योगेशचा प्रश्न. योगेश म्हणजे स्वयंपाकघरात ट्रॉल्या बसवायला आलेला सुतार. त्याची सगळी हत्यारं विजेवर चालणारी. माळा रिकामा करताना बाबांची पेटी खाली आली आणि मला हौस! म्हटलं, बघ, सहादू मिस्त्रींची पेटी, असा सागवान आता मिळत नाही. त्यानं मोठा रंधा उचलला, पाचर ठोकून पातं काढायला गेला. पातं हलेना. शेवटी निघालं ते पापुद्र्यासकट. भाकरीचा निघतो तसा लोखंडाचा पापुद्रा!

“गंज वरचा नाही हा. आत गेलाय. कायम ओलं ठेवल्यासारखं आहे बघा.”

सुमन ओट्यापाशी होती. मागं न बघताच म्हणाली, “कोणी म्हणजे काय? ह्यांनीच. दर खंडेनवमीला. तांब्याभर.”

योगेश हसला. मीही हसलो. मग बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

२५ ऑगस्ट

बाबा एकोणऐंशीच्या जूनमध्ये गेले. तेव्हापासून एकही खंडेनवमी चुकवली नाही. पाट मांडायचा, बाबांची हत्यारं ओळीनं ठेवायची. पाणी शिंपडायचं, हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. नारळ वाकसाच्या, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराच्या, पाठीवर फोडायचो. पाणी खाली गळायचं, तीर्थ म्हणून गळू द्यायचो. दसरा झाला की फुलांसकट सगळं पेटीत. कुलूप. वर्षभर माळा.

लाली दिसत नव्हती असं नाही. दरवर्षी थोडी जास्त दिसायची. मला ती जुनेपणाचं तेज वाटायची! कुंकू कुठलं आणि गंज कुठला, मी कधी बोट लावून पाहिलंच नाही.

शाळेत आम्ही हाताची घडी घालून कविता म्हणायचो. अजूनही आंघोळ करताना म्हणतो. त्यातलं एक खूळ कायम राहिलं — जी वस्तू जुनी, ती सुंदर. टपाल खात्यात होतो तेव्हा ऑफिसच्या दिवाळी अंकात माझी ‘बाबांची पेटी’ छापून आली होती.

पटाशीच्या धारेवरती ऊन बसे हे पाय सोडुनी,
बाबा गेले, पेटीमध्ये उरले अजुनी श्वास ठेवुनी.

साहेबांनी स्वतः बोलावून शाबासकी दिली होती. आज त्याच पटाशीच्या धारेवरून बोट फिरवलं. धार नाही. करवतीचे दात असतात तशी खडबड.

२८ ऑगस्ट

गणपती बसले. पाहुणे येऊन गेले. दुपारी गुपचूप चिंच भिजवली आणि दोन पाती त्यात घातली. आई तांबं-पितळ चिंचेनंच उजळायची.

संध्याकाळी काढली तर काळीठिक्कर! पुसून ठेवली. तासाभरात पुन्हा तांबडी.

सुमन म्हणाली, “देवाची भांडी आणि सुताराची हत्यारं तुम्हाला एकच. सावळीराम भावजींना विचारा की. ते काय मेलेत?”

२९ ऑगस्ट

सावळीराम. माझा धाकटा भाऊ. सहा वर्षांनी लहान. याच शहरात, सातपूरला असतो — आमच्या द्वारका चौकातून दोन बस. आम्ही भांडलेलो नाही. लग्नकार्यात भेटतो. जेवलास का? जेवलो. तू? झालं. पाऊस बरा आहे यंदा. हो, बरा आहे.

हे असं चव्वेचाळीस वर्षं.

४ सप्टेंबर

उद्या जातो. ठरवलं.

५ सप्टेंबर

गेलो. एकच हत्यार नेलं, जुन्या धोतरात गुंडाळून. अख्खी पेटी न्यायची छाती झाली नाही.

दार सगुणानं उघडलं. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, “दादा? या ना, या. अहो — दादा आलेत!” आतून टीव्हीचा आवाज बंद झाला. सावळीराम बाहेर आला. म्हातारा झालाय! म्हणजे मीही झालोय, पण तो होईल असं कधी वाटलं नव्हतं.

“काय, कोणाचं लग्न?” तो म्हणाला.

“लग्न नाही. हे दाखवायचं होतं.”

धोतर उलगडलं. तो बघत राहिला. लगेच हात लावला नाही. मग डाव्या हातानं उचललं. उजव्या हाताची मधली दोन बोटं नाहीत त्याला — कारखान्यात प्रेसखाली गेली, शहाऐंशी साली.

“हे काय हाय, ठाऊक हाय का तुला?”

“पटाशी.”

“पटाशी!” असा हसला की ठसका लागला. “सगुणा, ऐकलंस का, दादा ह्याला पटाशी म्हणतो! अरे, किंकरं हाय हे. चौकटीला भोक पाडायचं. बघ, जाड किती हाय. पटाशी पातळ असती.” डोळे पुसत म्हणाला, “म्हंजे तुझ्या त्या कवितेत ऊन बसलं होतं ते किंकऱ्यावर बसलं होतं व्हय!”

त्याला माझी कविता पाठ आहे! मला इतका आनंद झाला — मग कळलं की आनंद होण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्यानं मुठीच्या माथ्यावरून अंगठा फिरवला. माथा फुटून चेपला होता. “हातोडी कोणी मारली?”

आमच्या मुलानं, महेशनं. खिडकी अडकली होती तेव्हा. वीस-पंचवीस वर्षं झाली असतील. मी सांगितलं.

“बाबा मोगरीशिवाय मारू द्यायचे नाय. लाकडाला लाकूड.” एवढंच म्हणाला. सगुणानं पोहे केले.

निघताना म्हणाला, “पाण्याचं नाव काढू नको. रॉकेल मिळालं तर बघ, नायतर डिझेल. दोन दिस बुडवून ठेव, मग झिरो नंबरच्या कागदानं घास. आन् पुढच्या येळी रंधे आण.”

पुढच्या वेळी! बसमध्ये शाळेतली कविता पुटपुटत होतो. शेजारच्या बाईनं पिशवी आपल्याकडे ओढून घेतली.

७ सप्टेंबर

घरभर डिझेलचा वास. सुमन नाकाला पदर लावून फिरते. पण काल रात्रीच्या जेवणाला तिनं पुरणपोळी केली. कारण विचारलं तर म्हणाली, “सहज.”

१२ सप्टेंबर

तिन्ही रंधे नेले. मोठ्याचं पातं त्यानं दिव्याखाली धरलं, फिरवलं, खाली ठेवलं. “गेलं हे. खड्डे पडलेत. घासून घासून पार मागं जाशील तरी धार धरायचं नाय.” लहानाचं पातं वाचेल म्हणाला.

तिसरा रंधा अरुंद, एका बाजूला खाच असलेला. हा कशाचा, मी विचारलं. मला खरंच ठाऊक नव्हतं. देवाशपथ ठाऊक नव्हतं.

“पतामाचा,” तो म्हणाला. “दाराच्या चौकटीला आत पायरी पाडायची असती, झडप बसायला. हाच मागाय आलतो मी तुझ्याकडं.”

मग सगुणाला म्हणाला, “चहा ठेव.”

१३ सप्टेंबर

लिहिलंच पाहिजे. दुसऱ्या कोणाला सांगणार?

बाबांच्या तेराव्याला मीच म्हणालो, पेटी माझ्याकडे राहू दे, बाबांची आठवण. मी थोरला. सावळीराम चौदाव्या वर्षापासून बाबांबरोबर भद्रकालीतल्या दुकानात उभा होता. मी तिथं कधी कुंच्यानं भुसाही झाडला नाही. वहीत कविता उतरवत कोपऱ्यात बसायचो. बाबा म्हणायचे, तू शीक. मला वाटलं, सावळ्या नवी हत्यारं घेईल. कशानं घेईल, हा विचार मनात आला नाही. तो दोन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबला, त्यांच्या हत्यारांवर.

एक्क्याऐंशी साली त्याला स्वतःचं पहिलं काम मिळालं. गिरणाऱ्याकडं एक बंगला, अकरा दारं. तो माझ्याकडे आला. “दादा, पतामाचा रंधा आन् दोन पटाश्या दे. दोन महिन्यांत आणून देतो.” खंडेनवमीचा आदला दिवस. मी पाटावर हत्यारं मांडून बसलो होतो. म्हणालो, “पूजेत मांडलेली हत्यारं उठवत नाहीत. दसरा होऊ दे, मग ने.”

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. मी मित्रांबरोबर त्र्यंबकेश्वरला गेलो होतो, तीन दिवस. पेटीची किल्ली माझ्या खिशात. सुमननं त्याला चहा दिला. तो परत गेला. मी आल्यावर सुमननं सांगितलं. मी म्हणालो, येईल पुन्हा.

आला नाही. अकरा दारं दुसऱ्यानं केली. दिवाळीनंतर सावळीराम सातपूरला कारखान्यात लागला. प्रेसवर.

बोटं गेली तेव्हा मी हॉस्पिटलात गेलो होतो. केळी नेली होती. आणि धीराच्या चार ओळी, यमक जुळवलेल्या. त्यानं कागदाची घडी करून उशीखाली ठेवली. डाव्या हातानं.

१४ सप्टेंबर

काल लिहिलेलं पुन्हा वाचलं. एक राहिलं. मी किल्ली विसरून खिशात नेली नव्हती.

१७ सप्टेंबर

हात दुखतात. पण काय सांगू! सावळीरामनं सांगितलं तसं करतोय — आधी पटाशीची पाठ, मग तोंड. “सगळे येडे तोंडाला धार लावत बसतात. पाठ सपाट नसली तर ती धार खोटी.” दगडावर तेलाचे दोन थेंब, पाठ पुरी टेकवायची, पुढं-मागं, पुढं-मागं. काळं तेल निघतं. पुसायचं. पुन्हा. आज तिसऱ्या दिवशी पाठीवर खिडकी दिसली! खिडकीतला पेरू दिसला, त्याच्या फांदीवर खार.

सत्त्याहत्तर वर्षं जगलो. बाबा जेवायच्या आधी रोज अर्धा तास दुकानात बसून काय करतात, हे मला आज कळलं. मला तेव्हा वाटायचं, ते आमची वाट बघायला लावतात.

दांड्यांना जवसाचं तेल चोळलं. वास आला आणि क्षणभर कोणीतरी माझ्या डोक्यावर टपली मारेल असं वाटलं. वही मिटली. आज कविता नाही लिहायची.

२१ सप्टेंबर

सर्वपित्री. पान वाढून, कावळा शिवल्यावर, सातपूरला गेलो. सावळीरामकडेही पान वाढलेलं. दोन भाऊ, एक बाप, दोन पानं!

पटाशी दाखवली. बोलायचं ठरवून गेलो होतो. “सावळ्या, त्या वर्षी —”

“मधी अजून खळगा हाय,” तो म्हणाला. पटाशी उजेडात तिरपी धरली होती. “बघ, हितं काळं राहिलंय. अजून दोन दिस घास.”

“मी काय म्हणतो —”

“आधी घास, दादा.”

२३ सप्टेंबर

घासतोय.

२६ सप्टेंबर

उरलं ते असं: तीन पटाश्या, किंकरं, वाकस, लहान रंधा, पतामाचा रंधा, काटकोन बघायचा गुण्या. मोठा रंधा आणि दोन्ही करवती गेल्या. करवतींचे दात बोटानं मोडतात. मोगरीला वाळवी लागली होती, हातात भुसा आला. तरी सगळं पेटीत परत ठेवलं. गेलेलंही. त्याला कळू दे.

सुमनला सांगितलं, यंदा खंडेनवमीला पेटी सावळीरामला देऊन टाकणार. ती शेंगा सोलत होती. थांबली.

“त्यांना द्यायचीय, का तुम्हाला मोकळं व्हायचंय?”

“दोन्ही.”

“मग देताना सांगा तसं. नाहीतर पुन्हा एक कविता होईल.”

बेचाळीस वर्षं टपाल खात्यात होतो, पण पत्ता अचूक सांगावा तर या बाईनं.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी.

रिक्षा केली. पेटी पायाशी. सुमनला ये म्हटलं तर म्हणाली, “तुमचं तुम्ही.” सातपूरला सगळीकडे झेंडूचे हार, कारखान्यांच्या दारात केळीचे खांब. यंत्रांची पूजा. मशीन बंद, म्हणून सगळं कसं शांत.

पेटी आत नेताना सावळीरामनं एका बाजूनं धरली. तीन बोटांनी.

सगुणानं ताट आणलं — हळद, कुंकू, फुलं, पाण्याचा तांब्या. सावळीरामनं तांब्या उचलून तिच्या हातात परत दिला. मग तेलाची वाटी मागितली. एकेक हत्यार उचलून पात्यावर तेलाचं बोट ओढलं. कुंकू लावलं ते पेटीच्या झाकणाला. फूल ठेवलं तेही झाकणावरच. पात्याला पाण्याचा थेंब नाही, फुलाची पाकळी नाही.

“बाबा अशीच पूजा करायचे,” म्हणाला. “लोखंडाला तेल, लाकडाला कुंकू. तू कोपऱ्यात असायचास की बसलेला.”

होतो. मी काय बघत होतो? उदबत्तीचा धूर! तो उन्हाच्या कवडशात कसा वर जातो, ते.

मग मी बोललो. उभं राहून, हाताची घडी घालून, शाळेत म्हणायचो तसं. दुसरं काही जमलं नाही. “सावळ्या, पूजेचं निमित्त होतं. मला द्यायचीच नव्हती पेटी. किल्ली मी मुद्दाम नेली. तू तर मिस्त्रीचा मुलगा होतासच, सगळ्या भद्रकालीला ठाऊक होतं. माझ्याकडे तेवढी पेटी होती दाखवायला. तुझं काम गेलं. तुझी बोटं गेली.”

सगुणा तोंडाला पदर लावून आत गेली.

तो पेटीकडे बघत होता. “किल्लीचं ठाऊक हाय,” म्हणाला. “तवाच ठाऊक होतं. वहिनी पेटी उघडाय गेली तर कुलूप. किल्ली कुठं म्हणल्यावर ती रडली. मी चहा पिऊन आलो.”

सुमन रडली होती. मला कधी बोलली नाही.

“ठेव तिथं. खिडकीखाली.”

ठेवली. जेव म्हणाला. जेवलो. श्रीखंड होतं. पावसावर बोललो थोडं.

२ ऑक्टोबर

दसरा. पाट मांडला नाही. सकाळपासून हातांना काम नाही. सुमनला विचारलं, त्या दिवशी तू रडलीस? ती म्हणाली, “आपट्याची पानं आणा आधी, बाजार उठेल.”

५ ऑक्टोबर

फोन नाही. करू का? नको. जवसाचं तेल दर महिन्याला लावायचं, हे त्याला मी सांगणार की काय!

रोज दुपारी त्याच्या खिडकीखाली पेटी ठेवलेली डोळ्यांपुढे येते. त्यानं पतामाचा रंधा काढून हातात घेतला असेल. दोन बोटांशिवाय तो धरता येत नाही, हे मला आत्ता लिहिताना सुचलं. मी त्याला काय नेऊन दिलं?

७ ऑक्टोबर

काही नाही. पायात गोळे.

९ ऑक्टोबर

सावळीराम आला. एकटा, दोन बस बदलून. सुमन देवळात गेली होती, दार मी उघडलं.

“पेटी घातली भंगारात,” चपला काढता काढता म्हणाला. “काल. सगळी.”

मी दार लावून घेतलं.

“राग नको धरू दादा. ती घरात असती तर मी हितं आलोच नसतो.”

मग आत येऊन खुर्चीत बसला, पाय लांब केले आणि म्हणाला, “वहिनी नाय? मग तूच टाक चहा.”

आधण ठेवलं. साखरेचा डबा हातात घेतला आणि तसाच उभा राहिलो. माझा भाऊ साखर किती घेतो, घेतो की नाही — मला माहीत नव्हतं. मी बाहेर जाऊन त्याला विचारलं.